शाळेची वाढती इमारत आणि शेजाऱ्यांचे म्हणणे

नाशिकच्या इंदिरानगरसारख्या वस्तीत एखादी शाळा जुन्या इमारतीवर आणखी दोन मजले चढवावयाचे ठरविते, तेव्हा त्या निर्णयाचा भार केवळ इमारतीच्या पायावर पडत नाही. मुंबई-आग्रा महामार्गाखालील बोगद्यापाशी होणारी वाहनांची कोंडी तेथील रहिवाशांच्या नित्य परिचयाची आहे. वर्ग वाढले की रिक्षा आणि शाळेच्या बसगाड्याही वाढणार. अशा वेळी शेजाऱ्यांना विचारण्याचे बंधन कायदा कोणावर घालतो काय, हा प्रश्न उपस्थित होतो.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ यात लोकांचे म्हणणे ऐकण्याची तरतूद निश्चितच आहे. कलम २६ अन्वये विकास योजनेचे प्रारूप प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागवाव्या लागतात आणि कलम २८ प्रमाणे नियोजन समितीपुढे त्यांची सुनावणी होते. नाशिकची सुधारित विकास योजना २०१७ साली मंजूर झाली, ती याच मार्गाने. तथापि या टप्प्यावर शाळा म्हणजे नकाशावरील एक रंगीत तुकडा असतो. तिचे मजले किती, फाटक कोणत्या रस्त्यावर, मुले किती, यांपैकी काहीच त्यावरून कळत नाही. नागरिकास बोलण्याची संधी मिळते ती हरकत घेण्याजोगे काही दृष्टीस पडण्यापूर्वीच!

पुढे प्रत्यक्ष बांधकामाचा अर्ज येतो, तेव्हा तो व्यवहार संस्था आणि महानगरपालिका या दोघांतच राहतो. कलम ४५ अन्वये परवानगी देताना शेजाऱ्यास नोटीस देण्याचे बंधन नाही. साठ दिवसांत निर्णय न झाल्यास नियमांस धरून असलेला अर्ज मंजूर झाला असे मानले जाते. कलम ४७ खालील अपिलाचा हक्कही केवळ अर्जदारासच आहे. शेजाऱ्यास उरतो तो उच्च न्यायालयात रिट अर्ज करण्याचा खर्चिक मार्ग. इंग्लंडमध्ये मात्र अशा अर्जाची सूचना जागेवर लावून किंवा शेजाऱ्यांस पत्राने कळवून निदान २१ दिवस अभिप्रायांची वाट पाहावी लागते. मैदानासाठी राखून ठेवलेला लगतचा भूखंड शाळेच्या इमारतीसाठी वळवावयाचा असेल, तर आपल्याकडेही कलम ३७ लागू होऊन जाहीर सूचना निघते. शाळेने स्वतःच्याच आवारातील मोकळी जागा व्यापली, तर मात्र तशी सूचना निघत नाही. मुलांच्या दृष्टीने दोन्हींत फरक तो काय?

पालकांची स्थिती थोडी निराळी आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि कलम २२ प्रमाणे शाळा विकास आराखडा ही समितीच तयार करते. शिक्षकागणिक एक वर्गखोली, क्रीडांगण, कुंपण हे किमान निकष त्याच अधिनियमाच्या अनुसूचीत आहेत. परंतु विनाअनुदानित खाजगी शाळांस हे कलम २१ लागू नाही. तेथील पालकांस महाराष्ट्र शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) अधिनियम, २०११ याने पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीतून शुल्काविषयी बोलण्याचा अधिकार दिला. शुल्क ठरविताना शाळेतील सोयीसुविधाही विचारात घेतल्या जातात. म्हणजे इमारत उभी राहिल्यावर तिच्या खर्चाविषयी पालकांस बोलता येते. ती उभी राहावी की नाही, याविषयी नाही. शेजाऱ्यास तर या दोन्ही अधिनियमांत स्थानच नाही.

अर्थात कायद्याचे बंधन नसले तरी मज्जावही नाही. नकाशे महानगरपालिकेकडे जाण्यापूर्वी संस्थेने पालक व शेजारी यांची बैठक बोलाविल्यास तीत केवळ दर्शनी भागाचे सुबक चित्र मांडून भागत नाही. वाढणारी विद्यार्थिसंख्या, जिन्यांची संख्या व रुंदी, बसगाड्या उभ्या राहण्याची जागा, शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळा आणि उरणारे मैदान हे आकडे सभेपुढे असावे लागतात. शिवाय ही बैठक आराखडा बदलणे शक्य असतानाच व्हावी लागते. ठेकेदार नेमून झाल्यावर बोलाविलेली सभा ही सूचना होय, विचारविनिमय नव्हे. जोत्याच्या रेषा आखल्या गेल्या की फाटक दुसऱ्या रस्त्याकडे वळविणेही अवघड होऊन बसते.