समुद्राचे पाणी बदलते आहे, माशांना ते कसे कळते?

उल्हासनगर कॅम्प नं. ३ मधून समुद्र दिसत नाही. पण शहरातून वाहणारी वालधुनी कल्याणजवळ उल्हास खाडीला मिळते आणि ते पाणी पुढे अरबी समुद्रात जाते. त्याच समुद्रातून बोंबील, मांदेली, सुका जवळा आपल्या बाजारात येतो. आम्ही ज्या वस्त्यांत काम करतो, तिथे मटण महिन्यातून एकदा आणि सुकी मासळी आठवड्याला, असा हिशेब असतो. म्हणून समुद्रात काय घडते हा आपल्या ताटाचाही प्रश्न आहे.

कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळल्यावर निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा सुमारे चौथा हिस्सा समुद्र शोषून घेतो. पाण्यात त्याचे कार्बोनिक आम्ल बनते. औद्योगिक क्रांतीपूर्वी समुद्राच्या वरच्या पाण्याचा सामू सुमारे ८.२ होता, आता तो ८.१ च्या आसपास आहे. फरक किरकोळ दिसतो, पण त्याचा अर्थ आम्लता सुमारे ३० टक्क्यांनी वाढली असा होतो. अशा पाण्यात कालवे, तिसऱ्या यांना कवच बांधणे जड जाते.

मासा वासावर आणि आवाजावर जगतो. त्याला बाहेरून कान दिसत नाहीत, पण डोक्यात चुन्याचे बारीक खडे असतात. त्यांच्यावर ऐकणे आणि तोल सांभाळणे चालते. आपल्याकडचे घोळ, ढोमा तर पोटातल्या हवेच्या पिशवीने, म्हणजे बोताने, आवाजही काढतात.

२००९ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी क्लाउनफिश माशाची पिल्ले जास्त कार्बन डायऑक्साइडच्या पाण्यात वाढवली. त्यांना घराचा आणि शत्रूचा वास नीट ओळखता येईना, असे त्यांनी मांडले. मात्र २०२० मध्ये दुसऱ्या शास्त्रज्ञांनी प्रवाळातील माशांवर मोठ्या संख्येने असेच प्रयोग पुन्हा केले, तेव्हा वागण्यात फारसा फरक आढळला नाही. त्यामुळे ‘मासे बहिरे होणार’ अशी बातमी आली तर ती तपासूनच पुढे पाठवावी.

तापमानाचे मात्र तसे नाही. माशाचे शरीर पाण्याइतकेच तापते. पाणी तापले की त्याला ऑक्सिजन जास्त लागतो, आणि गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो. मग मासा खोल जातो किंवा जागा बदलतो. एकेकाळी मुख्यतः केरळ-कर्नाटकच्या किनाऱ्यावर मिळणारी तारली आता उत्तरेकडेही सापडते. मासा दूर गेला की होडीला डिझेल जास्त लागते. त्याची झळ आधी लहान कोळ्याला, मग डोक्यावर पाटी घेऊन फिरणाऱ्या मासळीवालीला आणि शेवटी गिऱ्हाइकाला बसते.

जगाचा कार्बन आपल्या वस्तीने वाढवलेला नाही, आणि तो एकट्या आपल्याला थांबवताही येणार नाही. पण सांडपाणी खाडीत सडते तेव्हाही ऑक्सिजन संपतो, कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि तिथले पाणी आम्लाकडे झुकते. नोव्हेंबर २०१४ मध्ये वालधुनीत ओतलेल्या रसायनाच्या वायूने उल्हासनगरातील शेकडो लोकांना रुग्णालयात जावे लागले होते. नदीकाठच्या माणसाला जे सोसत नाही, ते खाडीतल्या माशाला कसे सोसेल?

म्हणून आपली मागणी साधी असावी: सांडपाणी प्रक्रिया केंद्रात रोज किती पाणी शुद्ध होते आणि किती तसेच वालधुनीत सुटते, याचा आकडा प्रत्येक प्रभागात लावावा. तो मागण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकाला आहे.