अटींचा भार आणि उत्तरांचे विघटन

शाहूपुरी ही राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली गुळाच्या व्यापारासाठी कोल्हापुरात वसविलेली पेठ. परंतु कोल्हापूरचा लौकिक आज गुळाइतकाच ओतकामाचाही आहे, आणि या पेठेपासून फार दूर नसलेल्या उद्यमनगरातील कोणताही जाणता कारागीर सांगेल की, बिडाचा ओतीव भाग असमान निवल्यास त्याच्या अंतरंगात ताण कोंडून राहतो, म्हणून तो ५०० ते ६०० अंश सेल्सिअसपर्यंत पुन्हा तापवून भट्टीतच सावकाश निवू द्यावा लागतो. उष्णतेने अणूंना हालचालीची मुभा मिळते आणि सावकाशीने कमी ऊर्जेच्या स्थितीत स्थिरावण्यास अवधी. हीच युक्ती १९८३ साली किर्कपॅट्रिक, गेलाट आणि वेची या शास्त्रज्ञांनी ‘सायन्स’ नियतकालिकातील आपल्या निबंधात गणिताच्या प्रांतात आणली, आणि अटींनी जखडलेल्या प्रश्नांस पदार्थविज्ञानाचा आधार दिला.

असा प्रश्न विद्यापीठाच्या परीक्षा-दप्तरात दर वर्षी उभा राहतो. विषय शेकडो, पाळ्या मोजक्या, आणि शर्त अशी की, ज्या दोन विषयांस एकही विद्यार्थी समाईक आहे ते एका पाळीत येऊ नयेत. मोडलेल्या प्रत्येक शर्तीस ऊर्जेचे एक एकक मानले, तर निर्दोष वेळापत्रक म्हणजे शून्य ऊर्जेची अवस्था होय. असंख्य कणांच्या सामूहिक वर्तनाचा विचार करणारी पदार्थविज्ञानाची शाखा, सांख्यिकीय यामिकी, एका उत्तराचा माग काढून थांबत नाही. सर्व उत्तरांचा समुदाय केवढा आणि त्यातील उत्तरे परस्परांपासून किती दूर, याची ती चौकशी करते.

केवळ एका कठोर शर्तीतून काय निष्पन्न होते, हे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दीपक धर यांनी आनंदमोहन घोष यांच्यासह २००७ साली दाखविले. चौकोनी घरांच्या पटावर सरळ कांड्या ठेवावयाच्या, आणि एका घरावर दोन कांड्या येऊ द्यावयाच्या नाहीत, एवढाच नियम. कांडीची लांबी सात घरे वा अधिक असेल, तर गर्दी वाढताच, परस्परांत कोणतेही आकर्षण नसता, बहुतेक कांड्या एकाच दिशेस वळतात; आणि गर्दी पराकोटीस गेली की ती शिस्त पुन्हा मोडते. पुढे पुण्याच्या आयसर संस्थेत आलेले धर २०२२ साली सांख्यिकीय यामिकीतील बोल्ट्झमन पदकाचे पहिले भारतीय मानकरी ठरले.

आता अटी अनेक असल्या तर? ‘होय’ किंवा ‘नाही’ असे उत्तर असलेले पुष्कळ प्रश्न घ्या, आणि यदृच्छेने निवडलेल्या तीन-तीन प्रश्नांवर एकेक अट घाला, जी त्यांच्या आठ संभाव्य जोडण्यांपैकी एक बाद करील. प्रत्येक अटीगणिक सात-अष्टमांश संभाव्य उत्तरे शिल्लक राहतात. या सरळ हिशेबाने दर प्रश्नामागे सुमारे ५.१९ अटींपर्यंत एखादे तरी उत्तर उरावयास हवे. प्रत्यक्षात सुमारे ४.२७ अटींच्या उंबरठ्यापाशीच उत्तरे संपतात, कारण सरासरी फुगविणारे अफाट उत्तरसमूह काही विरळा अटीसंचांतच असतात.

परंतु खरी गंभीर घटना त्याआधीच घडते. सुमारे ३.९ अटींच्या आसपास उत्तरांचा एकसंध समुदाय असंख्य विलग पुंजक्यांत फुटतो, आणि एका पुंजक्यातून दुसऱ्यात जाण्यास एकदम पुष्कळ प्रश्नांची उत्तरे फिरवावी लागतात. पायरीपायरीने सुधारणा करीत जाणारा संगणक मग खोट्या विसाव्यांवर अडकून पडतो. अव्यवस्थित चुंबकी मिश्रधातूंत हीच रचना आढळते. तिचा उलगडा करणारे जॉर्जो पारिसी यांनी मेझार आणि झेकिना यांच्यासह २००२ साली या पुंजक्यांचाच विचार करणारी पद्धत निर्माण केली, आणि उंबरठ्याच्या अगदी निकटचे प्रचंड प्रश्न तिने सोडविले. पारिसींना २०२१ साली नोबेल पारितोषिकाचा सन्मान लाभला.

या विद्येचा उपदेश कारभार पाहणाऱ्या प्रत्येकाने मनावर घ्यावा असा आहे. प्रश्नाचे काठिण्य त्याच्या आकारात नसून अटींच्या घनतेत असते; म्हणून वेळापत्रक जुळत नसेल, तर अधिक वेगवान संगणकाची तजवीज करण्यापूर्वी, कोणत्या थोड्या शर्ती न्यायास बाध न आणता शिथिल करता येतील, हे पाहणे श्रेयस्कर, कारण अटींची घनता विघटनाच्या मर्यादेखाली उतरली की विखुरलेली उत्तरे पुन्हा परस्परांस जोडली जातात.