टीबीवर 'जंतू मारणारे विषाणू' : आशा खरी, पण गोळ्या सोडू नका

बिडकीनच्या एका वाचकाने विचारले आहे, "धाकट्या भावाला टीबी आहे. नेहमीच्या गोळ्या लागू पडल्या नाहीत म्हणून दुसरी औषधे चालू आहेत. त्याला मळमळते, हातापायांना मुंग्या येतात. टीबीचे जंतू मारणारे विषाणू श्वासावाटे देतात असे ऐकले. ते मिळेपर्यंत गोळ्या थांबवल्या तर चालेल का?"

उत्तर आधीच देतो : मुळीच चालणार नाही. मात्र वाचकांनी ऐकले ते अगदीच खोटे नाही, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो.

जसे माणसाला विषाणू छळतात, तसे जिवाणूंनाही छळणारे विषाणू असतात. त्यांना बॅक्टेरिओफेज किंवा नुसते 'फेज' म्हणतात. फेज जिवाणूला चिकटतो, आपले बीज आत सोडतो, आत त्याची पिलावळ वाढते आणि शेवटी जिवाणू फुटतो. गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मरतात, हे आग्र्यात काम करणाऱ्या हँकिन यांनी १८९६ मध्येच नोंदवले होते. पुढे १९१७ मध्ये पॅरिसला द'हेरेल यांनी या विषाणूंना नाव दिले. नंतर प्रतिजैविके आली आणि बहुतेक देशांत फेज मागे पडले.

आता त्यांची आठवण का झाली? कारण औषधे हरू लागली. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया यांनी २०११-१२ मध्ये असे क्षयरोगी जगापुढे आणले, ज्यांच्या जंतूंवर तपासलेले एकही औषध चालत नव्हते. धारावीतील शंभराहून अधिक खासगी डॉक्टरांची पाहणी झाली, तेव्हा अशा हट्टी टीबीची अचूक चिठ्ठी लिहिणारे बोटांवर मोजण्याइतकेच निघाले. चुकीची औषधे आणि अर्धवट सोडलेला कोर्स, यांतूनच जंतू निर्ढावतात.

२०१९ मध्ये लंडनच्या रुग्णालयात उपचार घेतलेल्या एका पंधरा वर्षांच्या मुलीची बातमी गाजली. फुप्फुस बदलल्यावर तिच्या अंगात टीबीच्या जंतूचा चुलतभाऊ म्हणावा असा जंतू पसरला होता. तिला शिरेवाटे तीन फेज दिले आणि तिची प्रकृती सुधारली. त्यांतला एक फेज दक्षिण आफ्रिकेत कुजलेल्या वांग्यावर सापडला होता! अमेरिकेत येल विद्यापीठात नऊ रुग्णांना नेब्युलायझरने, म्हणजे औषधाचे बारीक तुषार करून, श्वासावाटे फेज दिले. त्यांच्या बेडक्यातील जंतू कमी झाले. हा अहवाल २०२५ मध्ये आला. पण तो जंतू स्यूडोमोनास होता, टीबीचा नव्हे.

टीबीच्या बाबतीत काम अजून मुख्यतः प्रयोगशाळेत आणि उंदरांवर आहे. अडचणी तीन. एक, टीबीच्या जंतूवर मेणासारखे कवच असते. दोन, तो आपल्याच पांढऱ्या पेशींत आणि फुप्फुसातील गाठींत दडून बसतो. तुषार तिथवर पोहोचणे कठीण. तीन, प्रत्येक फेज ठरावीक जंतूलाच मारतो आणि शरीरही फेजविरुद्ध प्रतिकार उभारते. तेव्हा कोणी 'फेजचे औषध' म्हणून बाटली विकू लागला, तर पैसे देऊ नका. घरचा वाफारा म्हणजेही हा उपचार नव्हे.

भावासाठी आज हाती काय आहे? २०२४ मध्ये सरकारने हट्टी टीबीसाठी चार औषधांचा सहा महिन्यांचा कोर्स मंजूर केला. पूर्वी दीड-दोन वर्षांपर्यंत औषधे घ्यावी लागत. हा कोर्स भावाला चालेल का, हे डॉक्टर ठरवतील. मुंग्या, मळमळ, अंधुक दिसणे ही लक्षणे अंगावर काढू नका. बिडकीनच्या सरकारी दवाखान्यात किंवा घाटीत लगेच सांगा. मात्रा कमी करायची की औषध बदलायचे, हे डॉक्टरांचे काम; परस्पर गोळी बंद करणे नव्हे.

तपासणी व औषधे सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. नोव्हेंबर २०२४ पासून पोषणासाठी महिन्याला एक हजार रुपये खात्यात जमा होतात. घरातील इतरांची, विशेषतः लहान मुलांची, तपासणी करून घ्या. आणि दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, तर बेडका तपासायला लाजू नका.

फेजचे औषध उद्या येईलही. ते येईपर्यंत भाऊ धडधाकट राहायला हवा, आणि ते काम आजच्या गोळ्यांचेच आहे.