खनिजाच्या कणाने औषध किती घट्ट धरले?

हाडातले खनिज

हाडांना कणखरपणा देणारे कॅल्शियम फॉस्फेट हे हायड्रॉक्सीअपेटाइटचेच जवळचे रूप. प्रयोगशाळेत या खनिजाचे नॅनोकण बनवता येतात. कण बारीक तितका दर ग्रॅममागे पृष्ठभाग मोठा, म्हणजे औषधाला बसायला जागा अधिक. शिवाय हे खनिज आम्लात विरघळते. रक्ताचा सामू सुमारे ७.४ असतो, पेशीतल्या लायसोसोमचा ४.५ ते ५. म्हणून कणाने रक्तात औषध धरून ठेवावे आणि पेशीत गेल्यावर सोडावे, अशी आशा आहे.

पकड कशाची?

अ‍ॅलेंड्रोनेट, झोलेड्रोनेट ही हाडांच्या ठिसूळपणावरची औषधे. त्यांचे फॉस्फोनेट गट खनिजातल्या कॅल्शियमला थेट धरतात. ही पकड इतकी घट्ट असते की औषध हाडात वर्षानुवर्षे राहते. बोन स्कॅनमध्ये टोचले जाणारे किरणोत्सारी द्रव्यही याच नात्याने हाडावर जाऊन बसते.

कर्करोगावरच्या डॉक्सोरुबिसिनचे तसे नाही. त्याच्या अमिनो गटावर धनभार असतो आणि तो पृष्ठभागावरच्या फॉस्फेटच्या ऋणभाराकडे ओढला जातो. द्रावणात क्षार वाढले की ही ओढ ढिली पडते.

मोजायचे कसे?

औषधाच्या ठरावीक द्रावणात कण टाकून ढवळायचे, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून कण तळाशी बसवायचे आणि वर उरलेले औषध मोजायचे. डॉक्सोरुबिसिन लालसर असते आणि ४८० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश शोषते, त्यामुळे स्पेक्ट्रोफोटोमीटर पुरतो. बाकी काम वजाबाकीचे.

पण द्रावणातून गेलेले सगळे औषध कणावरच बसले असे नाही. काही नळीच्या भिंतीला चिकटते, काही सामू चढल्यावर साका होऊन खाली जाते. म्हणून कण न टाकलेली नळीही शेजारी चालवावी लागते. शोधनिबंध हाती आला की मी आधी ही नळी शोधतो. ती नसेल, तर औषधभरणीचा मोठा आकडा माझ्या लेखी कच्चाच.

वेगवेगळ्या तीव्रतेची द्रावणे घेतली की आलेख तयार होतो. अर्व्हिंग लँगम्यूर यांनी १९१८ मध्ये मांडलेले समीकरण त्याला बहुधा लावले जाते. सगळ्या जागा सारख्या आणि औषधाचा एकच थर, हे त्याचे गृहीतक. मात्र रेषा जुळली म्हणून बंध कोणता ते सिद्ध होत नाही. त्यासाठी इन्फ्रारेड वर्णपट, पृष्ठभागाचा भार आणि बंध जुळताना होणारी उष्णतेची देवघेव तपासावी लागते.

बफरची ढवळाढवळ

नेहमीच्या फॉस्फेट बफरमधले फॉस्फेट स्वतःच कॅल्शियमच्या जागा बळकावते. रक्तातली प्रथिनेही कणावर थर चढवतात. त्यामुळे साध्या पाण्यात मोजलेली पकड शरीरात तशीच राहील, असे धरता येत नाही.

औषध सुटताना द्रावणातले कॅल्शियमही मोजावे. दोन्ही बरोबरीने वाढत असतील तर कणच विरघळतो आहे. कॅल्शियम स्थिर राहून औषध बाहेर येत असेल, तर कण शाबूत आहे आणि बंध सुटला आहे. तेही ७.४ सामूला होत असेल, तर ते औषध रक्तातच सांडणार.