नाशिक ग्रामीण पोलिसांची ग्रामसंपर्क व्यवस्था

नाशिक ग्रामीण पोलिसांची ग्रामसंपर्क व्यवस्था म्हणजे महाराष्ट्रातील नाशिक जिल्ह्याच्या ग्रामीण भागात पोलीस ठाणे आणि गाव यांच्यातील माहितीची देवाणघेवाण ज्या पदांच्या, समित्यांच्या व साधनांच्या आधारे चालते, त्यांचा समुच्चय होय. पोलीस पाटील, ग्रामसुरक्षा दल, तंटामुक्त गाव समिती, दवंडी, ध्वनिक्षेपक, सूचनाफलक आणि अलीकडची दूरध्वनीवर आधारित ग्रामसुरक्षा यंत्रणा ही तिची प्रमुख अंगे आहेत. गावातील घडामोडींची खबर शासनाला देण्याचे कर्तव्य कायद्याने एकोणिसाव्या शतकापासूनच निश्चित केले होते. पोलिसांकडील माहिती गावापर्यंत पोहोचविण्याचे काम मात्र दीर्घकाळ मुख्यतः रूढीवर व अधिकाऱ्यांच्या इच्छेवर अवलंबून राहिले. २०१८ साली मुले पळविणाऱ्या टोळ्यांच्या अफवांमुळे उत्तर महाराष्ट्रात घडलेल्या जमावहिंसेनंतर या दुसऱ्या प्रवाहाचे महत्त्व ठळक झाले.

कार्यक्षेत्र

नाशिक जिल्ह्यात १५ तालुके असून त्याचे क्षेत्रफळ सुमारे १५,५०० चौरस किलोमीटर आहे. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ६१ लाख होती. नाशिक शहरासाठी स्वतंत्र पोलीस आयुक्तालय आहे. आयुक्तालयाच्या हद्दीबाहेरील भाग नाशिक ग्रामीणच्या पोलीस अधीक्षकांच्या अखत्यारीत येतो. त्यांचे कार्यालय मुंबई–आग्रा महामार्गावरील आडगाव येथे आहे. मालेगाव शहराचाही समावेश याच कार्यक्षेत्रात होतो व तेथे अपर पोलीस अधीक्षकांचे कार्यालय आहे. नाशिक ग्रामीण, अहिल्यानगर, धुळे, जळगाव व नंदुरबार ही पोलीस घटके मिळून नाशिक परिक्षेत्र बनते. त्याचे प्रमुख विशेष पोलीस महानिरीक्षक असतात.

हे कार्यक्षेत्र एकजिनसी नाही. निफाड, दिंडोरी व चांदवड हे द्राक्ष आणि कांदा पिकविणारे बागायती तालुके आहेत. येथे शेतकरी मळ्यात वस्ती करून राहतात, त्यामुळे घरे गावठाणापासून दूर विखुरलेली असतात. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर व इगतपुरी हे सह्याद्रीतील डोंगराळ तालुके असून तेथील आदिवासी लोकवस्ती पाड्यापाड्यांत विभागलेली आहे. बागलाण व मालेगाव परिसरात अहिराणी, सुरगाणा व कळवण भागात कोकणा व भिल्ल समाजांच्या बोली, तर मालेगाव शहरात मोठ्या प्रमाणावर उर्दू बोलली जाते. त्यामुळे एकच सूचना एकाच साधनाने व एकाच भाषेत सर्वांपर्यंत पोहोचत नाही.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

ब्रिटिश अमदानीत मुंबई इलाख्यातील गावांचा पोलीस कारभार मुंबई ग्राम पोलीस अधिनियम, १८६७ या कायद्याने चालत असे. या कायद्यानंतर दोन वर्षांनी, १८६९ मध्ये, नाशिक हा स्वतंत्र जिल्हा झाला. गावाचा पाटील हा मुलकी व पोलीस अशा दोन्ही कामांसाठी शासनाचा प्रतिनिधी असे आणि हे पद सामान्यतः वंशपरंपरेने चालत येई. गुन्हा, संशयास्पद मृत्यू किंवा साथीचा रोग यांची वर्दी पाटलाने वरिष्ठांकडे पाठवावी, अशी रीत होती.

सरकारी हुकूम गावाला कळविण्याचे नेहमीचे साधन दवंडी हे होते. दवंडी पिटणे, सांगावा पोहोचविणे व सरकारी टपाल पुढच्या गावी नेणे ही कामे महार वतनाचा भाग म्हणून महार समाजाकडून अत्यल्प मोबदल्यात करून घेतली जात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वंशपरंपरागत वतनांच्या १८७४ च्या कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक मांडले, त्यामागे याच सक्तीच्या श्रमातून मुक्ततेचा हेतू होता. कनिष्ठ ग्राम वतने नष्ट करणारा कायदा १९५८ साली झाला. त्यानंतर दवंडीचे काम महसूल खात्याच्या कोतवालाकडे आले.

मुलकी पाटीलकी १९६२ च्या कायद्याने रद्द झाली. महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ या कायद्याने पोलीस पाटलाच्या पदाला आजचे स्वरूप दिले व ते नेमणुकीचे पद बनले.

पोलीस पाटील

पोलीस पाटलाची नेमणूक उपविभागीय दंडाधिकारी, म्हणजे प्रांताधिकारी, करतात. हे पद पूर्णवेळ शासकीय नोकरीचे नसून मानधनावरचे आहे. राज्य मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये दरमहा मानधन ६,५०० रुपयांवरून १५,००० रुपये करण्याचा निर्णय घेतला.

१९६७ च्या अधिनियमातील सहाव्या कलमात पोलीस पाटलाची कर्तव्ये दिलेली आहेत. गावातील गुन्ह्यांची स्थिती, ग्राम पोलिसांशी संबंधित बाबी, तसेच गावकऱ्यांचे आरोग्य व सर्वसाधारण परिस्थिती यांबाबत कार्यकारी दंडाधिकाऱ्यास सतत माहिती देत राहणे, सार्वजनिक शांततेवर परिणाम करू शकणारी खबर ठाणे अंमलदारास कळविणे, पोलिसांना साहाय्य करणे आणि गावाच्या हद्दीत गुन्हे व उपद्रव होऊ न देणे ही त्यांतील मुख्य होत. अजामीनपात्र गुन्हे, अनैसर्गिक मृत्यू आणि फरारी गुन्हेगारांचे वास्तव्य यांची खबर तातडीने देण्याचे बंधन गावकामगारांवर पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४० नुसार होते. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४ नुसार आहे.

या कर्तव्यांचा रोख गावाकडून शासनाकडे जाणाऱ्या माहितीवर आहे. ठाण्याची सूचना गावाला सांगण्याचा स्वतंत्र उल्लेख या यादीत नाही. ते काम पोलीस पाटील वरिष्ठांच्या आदेशानुसार करतात. प्रत्यक्षात मात्र गावकऱ्यांच्या दृष्टीने पोलीस पाटील हाच ठाण्याचा सर्वांत जवळचा माणूस असतो. बंदोबस्त, यात्रा, पूर, चोऱ्या किंवा बेपत्ता व्यक्ती यांविषयीची विचारणा प्रथम त्याच्याकडेच होते.

ग्रामसुरक्षा दल व गावसमित्या

पोलिसांच्या मदतीसाठी गावातील स्वयंसेवकांची दले उभारण्याची तरतूद १९५१ च्या पोलीस अधिनियमात आहे. व्यवहारात अशा दलांना ग्रामसुरक्षा दल म्हणतात. चोऱ्या व दरोडे वाढतात तेव्हा या दलांचे तरुण काठी, शिट्टी व विजेरी घेऊन रात्रीची गस्त घालतात. गस्तीचा उपयोग गुन्हे रोखण्यासाठी होतो, तसाच रात्री मिळालेली बातमी खरी की खोटी हे जागेवर जाऊन पाहण्यासाठीही होतो. मात्र अशा दलाला पोलिसांचे मार्गदर्शन नसेल, तर गस्तीचे रूपांतर अनोळखी माणसाला अडविणाऱ्या जमावात होण्याचा धोका असतो.

१५ ऑगस्ट २००७ रोजी तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम राज्यभर सुरू झाली. तिच्यातील गावसमितीमुळे सरपंच, पोलीस पाटील व गावातील प्रतिष्ठित मंडळी एकत्र बसू लागली. तंटे मिटविणे हा मोहिमेचा हेतू असला, तरी ठाण्याची सूचना गावात पोहोचविण्यासाठी आणखी एक मार्ग तिने उपलब्ध करून दिला.

ग्रामसुरक्षा यंत्रणा

ग्रामसुरक्षा यंत्रणा ही दूरध्वनीवर आधारित सेवा नाशिकसह राज्यातील काही जिल्ह्यांत वापरात आहे. गावातील कुटुंबांचे भ्रमणध्वनी क्रमांक तिच्यात आधी नोंदवून घेतले जातात. आपत्तीच्या वेळी नोंदणीकृत व्यक्तीने ठरावीक निःशुल्क क्रमांकावर बोललेला संदेश त्याच्याच आवाजात परिसरातील इतर नोंदणीकृत क्रमांकांवर एकाच वेळी कॉलच्या रूपाने जातो. त्यासाठी स्मार्टफोनची किंवा इंटरनेटची गरज नसते आणि संदेश वाचावा लागत नसल्याने निरक्षर व्यक्तीलाही तो समजतो. चोरी, आग, पूर, बिबट्याचा वावर, मुलाचे हरवणे अशा प्रसंगी शेजारी तातडीने मदतीला यावेत, हा तिचा उद्देश आहे.

समाजमाध्यमावरील पुढे ढकललेल्या संदेशाहून ही यंत्रणा एका महत्त्वाच्या बाबतीत वेगळी आहे. येथे बोलणारा क्रमांक नोंदलेला असतो. त्यामुळे खोटा संदेश देणाऱ्याचा माग काढता येतो. पोलीस ठाणे किंवा ग्रामपंचायत यांनाही या मार्गाने अधिकृत सूचना देता येतात.

संकटात पोलिसांची मदत मागण्यासाठी ११२ हा आपत्कालीन क्रमांक महाराष्ट्रात २०२१ पासून कार्यरत आहे. ११२ वरील कॉल पोलिसांपर्यंत पोहोचतो, तर ग्रामसुरक्षा यंत्रणेचा कॉल शेजाऱ्यांपर्यंत पोहोचतो. दूरच्या पाड्यावर वाहन पोहोचण्यास वेळ लागतो, तेथे या दोन्हींचा उपयोग परस्परपूरक ठरतो.

अफवा आणि जमावहिंसा

२०१८ च्या उन्हाळ्यापासून मुले पळविणाऱ्या टोळ्या फिरत असल्याचे संदेश व चित्रफिती व्हॉट्सॲपवरून देशभर पसरल्या. १ जुलै २०१८ रोजी नाशिकला लागून असलेल्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे, आठवडे बाजाराच्या दिवशी जमावाने पाच जणांना मारहाण करून ठार केले. मृत व्यक्ती नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील असून भिक्षा मागण्यासाठी त्या भागात आल्या होत्या. त्याच रात्री नाशिक जिल्ह्यातील मालेगाव येथे मुले पळविणारे समजून जमावाने घेरलेल्या, एका बालकासह पाच जणांची पोलिसांनी सुटका केली.

१७ जुलै २०१८ रोजी तहसीन पूनावाला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जमावहिंसा रोखण्यासाठी निर्देश दिले. प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा समन्वय अधिकारी नेमावा, आणि जमावहिंसेचे परिणाम गंभीर असतील हे शासनाने आकाशवाणी, दूरचित्रवाणी व संकेतस्थळांद्वारे लोकांना सांगावे, असे त्यांत नमूद होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचपेक्षा अधिक ठिकाणी पुढे पाठविण्यावर मर्यादा घातली. तरीही हा धोका संपला नाही. १६ एप्रिल २०२० रोजी टाळेबंदीच्या काळात, नाशिकला लागून असलेल्या पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे चोर आल्याच्या अफवेतून जमावाने दोन साधू व त्यांचा वाहनचालक यांची हत्या केली.

या घटनांत बळी गेलेले लोक त्या गावांना अनोळखी होते. ब्रिटिश काळात १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक भटक्या जमातींना जन्मतः संशयित ठरविले होते. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, परंतु परक्या माणसाकडे संशयाने पाहण्याची सवय अनेक ठिकाणी टिकून राहिली. गावात उतरलेल्या भटक्या कुटुंबाची ठाण्याकडील किंवा पोलीस पाटलाकडील नोंद ही त्यांच्यावर पाळत ठेवण्याचे साधन होऊ शकते, तसेच त्यांच्या ओळखीची ग्वाही देऊन त्यांचे प्राण वाचविण्याचेही साधन होऊ शकते. ती माहिती गावापर्यंत वेळेत व कोणत्या शब्दांत पोहोचते, यावर हा फरक अवलंबून असतो.

पूर व शेतमाल व्यवहार

गोदावरीकाठच्या गावांसाठी गंगापूर व इतर धरणांतून सोडल्या जाणाऱ्या विसर्गाची आगाऊ सूचना महत्त्वाची असते. निफाड तालुक्यातील सायखेडा व चांदोरी या गावांत ऑगस्ट २०१९ मध्ये पुराचे पाणी शिरले होते. विसर्गाचा निर्णय जलसंपदा विभागाचा व इशारा जिल्हा प्रशासनाचा असतो. तो नदीकाठच्या घरांपर्यंत नेण्याचे काम तलाठी, कोतवाल, पोलीस पाटील व स्थानिक ठाणे मिळून करतात.

द्राक्षाच्या हंगामात बाहेरगावचे व्यापारी बागेवरच माल खरेदी करतात. काही वेळा ते पैसे न देता निघून जातात. नाशिक परिक्षेत्राचे विशेष पोलीस महानिरीक्षक असताना प्रतापराव दिघावकर यांनी २०२० मध्ये अशा फसवणुकीच्या तक्रारींवर कारवाईची मोहीम हाती घेतली. माल देण्यापूर्वी व्यापाऱ्याची ओळख, परवाना व पत्ता तपासून घेणे आणि व्यवहाराची लेखी नोंद ठेवणे ही फसवणूक टाळण्याची मूलभूत खबरदारी मानली जाते. गुन्हा घडल्यानंतरच्या तपासापेक्षा हंगामाआधी दिलेली अशी सूचना शेतकऱ्याला अधिक उपयोगी पडते.

माहिती देण्याचे कायदेशीर बंधन

गेल्या दोन दशकांत पोलिसांनी नागरिकांना माहिती देण्याबाबतच्या तरतुदी वाढल्या आहेत. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार सार्वजनिक प्राधिकरणांनी ठरावीक माहिती स्वतःहून प्रसिद्ध करणे आवश्यक आहे. ७ सप्टेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, संवेदनशील प्रकरणे वगळता, प्रथम खबरी अहवाल २४ तासांत संकेतस्थळावर टाकण्याचा आदेश दिला. दळणवळणाची अडचण असलेल्या भागांसाठी ही मुदत वाढविण्याची मुभा त्यात आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७ नुसार अटक केलेल्या व्यक्तींची माहिती प्रत्येक ठाण्यात व जिल्हा मुख्यालयात ठळकपणे प्रदर्शित करावी लागते. कलम १९३ नुसार तपासाची प्रगती ९० दिवसांच्या आत फिर्यादीस किंवा पीडितास कळवावी लागते.

मर्यादा

सह्याद्रीच्या दऱ्याखोऱ्यांतील काही भागांत भ्रमणध्वनीचे जाळे कमकुवत असल्याने दूरध्वनीवर आधारित यंत्रणा तेथे पुरेशी ठरत नाही. यंत्रणेचा लाभ नोंदणी झालेल्या क्रमांकांपुरताच मिळतो. घरात एकच फोन असेल व तो पुरुषाकडे असेल, तर दिवसा घरी किंवा शेतात असणाऱ्या स्त्रियांपर्यंत संदेश पोहोचत नाही. हंगामी स्थलांतर करणारे मजूर व भटकी कुटुंबे कोणत्याही गावाच्या यादीत नसतात.

पोलीस पाटील गावचाच रहिवासी असल्याने त्याला माणसे व वाटा ठाऊक असतात, परंतु गावातील गटबाजीपासून तो नेहमीच अलिप्त राहू शकतो असे नाही. पद रिक्त राहिल्यास शेजारच्या गावच्या पाटलाकडे अतिरिक्त कार्यभार जातो आणि संपर्क विरळ होतो. पोलिसांनी दिलेल्या माहितीतही संयम आवश्यक असतो. संशयिताचे वर्णन ढोबळपणे प्रसृत झाल्यास निरपराध व्यक्ती जमावाच्या तावडीत सापडू शकते, तर पीडितेची ओळख उघड करणे हा कायद्याने गुन्हा आहे.