आईले कोण विचारते?

परवा भिशीत एक काकू कौतुकाने सांगत होत्या, लेक दुबईत बाळंत झाली, नातू झाला! दुसरी पटकन म्हणाली, ‘‘बाप भारतीय, म्हणून पोरगाही भारतीय. आईले कोण विचारते वो!’’ सगळ्या हसल्या. मला मात्र राहवेना.

मैत्रिणींनो, एके काळी हे खरंच होतं. आपल्या राज्यघटनेने नागरिकत्व ठरवताना इथे राहणाऱ्या माणसाच्या आई-वडिलांपैकी कुणाही एकाचा जन्म भारतातला असला तरी चालेल, असं म्हटलं होतं. पण १९५५चा नागरिकत्व कायदा आला आणि परदेशात जन्मलेल्या बाळाचे वडीलच भारतीय हवेत, अशी अट पडली. नऊ महिने पोटात वाढवणारी आई कागदावर कुठेच नाही! ही चूक सुधारायला तब्बल ३७ वर्षं लागली. १० डिसेंबर १९९२पासून जन्मलेल्या बाळांसाठी आईचं नागरिकत्वही धरलं जाऊ लागलं.

आता एक मात्र लक्षात ठेवायचं. ३ डिसेंबर २००४पासून परदेशात जन्मलेल्या बाळाची नोंद वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत करावी लागते. उशीर झाला तर केंद्र सरकारची परवानगी लागते. काकूंना तेच सांगितलं, बारशाचे फोटो मागवा, पण नोंद झाली का, हेही विचारा.

आणि महाराष्ट्रात तर १ मे २०२४पासून जन्मलेल्या बाळाच्या नावात सरकारी कागदांवर वडिलांच्या आधी आईचं नाव लागतं. म्हणजे आता आईले विचारतात, वो!