मधूनच कॉलेज बदलणाऱ्यांसाठी

आजचा भाग कॉलेजात नव्याने जाणाऱ्या मुलांसाठी आहे, आणि त्यातही दुसऱ्या कॉलेजातून मधूनच येणाऱ्यांसाठी. इंदूर, बडोदा, हैदराबाद, दिल्ली, कुठेही असलात तरी यूजीसीचे नियम तेच आहेत.

पहिल्या वर्षाच्या मुलांची सोय आता बरीच झाली आहे. इंजिनिअरिंगला तंत्रशिक्षण परिषदेने तीन आठवड्यांचा इंडक्शन कार्यक्रम लावून दिला. यूजीसीने २०१९ मध्ये ‘दीक्षारंभ’ नावाची मार्गदर्शिका काढली. पुष्कळ ठिकाणी यातून हार, दीपप्रज्वलन आणि दोन तासांची भाषणे एवढेच उरते, हेही खरे. तरी जा. भाषणात डुलकी लागली तर लागू दे. पण आपला मेंटॉर कोण, परीक्षा विभागाची खिडकी कुठे आणि तक्रार कोणाकडे करायची, एवढे विचारल्याशिवाय परतू नका.

प्रश्न पुढचा आहे. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेला मुलगा किंवा वडिलांच्या बदलीमुळे विद्यापीठ बदललेली मुलगी, यांना हे कोण सांगणार? बऱ्याचदा ती येतात तेव्हा वर्ग सुरू झालेले असतात. कॉलेजला वाटते, हा काही नवखा नाही. त्यालाही वाटते, कॉलेज म्हणजे काय ते मला माहीत आहे.

फौजेत असे चालत नाही. युनिटला पोस्टिंगवर आलेला माणूस वीस वर्षे नोकरी केलेला हवालदार असला तरी कमान अधिकारी त्याला समोर बसवून बोलतो. घरची स्थिती विचारतो, आधीचे काम विचारतो. मग एक जुना जवान त्याच्या जोडीला देतात, त्याला आम्ही बडी म्हणतो. माणूस अनुभवी आहे, पण या युनिटला नवा आहे, हे आम्ही धरूनच चालतो.

माझ्या ओळखीच्या एका सुभेदार साहेबांच्या मुलीने बदलीमुळे बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला राज्य बदलले. कॉलेजचे नाव सांगत नाही. आधीच्या विद्यापीठातला एक पेपर ती उत्तम गुणांनी पास झाली होती. नव्या ठिकाणी त्याचा अभ्यासक्रम वेगळा, म्हणून तो धरला गेला नाही, आणि हे तिला कळले परीक्षेचा फॉर्म भरताना. मग पहिल्या वर्षाचा पेपर आणि दुसऱ्या वर्षाचे सगळे पेपर एकाच महिन्यात. पोरगी हुशार, निभावले तिने. पण ऑगस्टमध्ये कोणी दहा मिनिटे दिली असती तर तिला चार महिने अभ्यासाला मिळाले असते.

इथे क्रेडिटचा घोटाळा समजून घ्या. २०२१ पासून ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स आहे. तिचे खाते डिजिलॉकरमधून उघडता येते. तुम्ही पास केलेल्या विषयांची क्रेडिट्स तिथे जमा होतात, पण जमा करण्याचे काम तुमच्या संस्थेचे आहे. तुम्ही स्वतः भरू शकत नाही. म्हणून जुने कॉलेज सोडण्याआधी खाते उघडून बघा. नाव, जन्मतारीख आधारप्रमाणे आहे का, मागच्या सत्रांची नोंद चढली आहे का. राहिली असेल तर तिथे असतानाच पाठपुरावा करा. दुसऱ्या राज्यातून फोनवर कारकुनाला गाठणे किती अवघड, ते बदलीवर फिरलेल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. आणि दुसरी गोष्ट, क्रेडिट खात्यात दिसते म्हणजे नव्या विद्यापीठाने तो विषय मान्य केला असे नाही. जुन्या अभ्यासक्रमाची छापील प्रत जवळ ठेवा, विभागप्रमुखांना दाखवा, आणि कोणते पेपर धरले, कोणते द्यावे लागतील, हे लेखी मागा. तोंडी ‘हो जाएगा’ कामाचे नाही.

कागद मोजके आहेत: कॉलेज सोडल्याचा दाखला, सर्व गुणपत्रिका, आणि विद्यापीठ बदलत असाल तर मायग्रेशन सर्टिफिकेट. महाराष्ट्रात बाहेरच्या विद्यापीठातून येणाऱ्याला पात्रता प्रमाणपत्रही लागते. मूळ कागद तपासून परत द्यायचे, कॉलेजने अडकवून ठेवायचे नाहीत, असे यूजीसीने २०१८ च्या अधिसूचनेत सांगितले आहे. हे नम्रपणे, पण सांगा.

उशिरा प्रवेश झाला असेल तर हजेरी कोणत्या तारखेपासून मोजणार, हेही पहिल्याच आठवड्यात विचारा. ७५ टक्क्यांची अट असेल तर सुरुवातीचे बुडालेले दिवस पुढे टोचतात. प्रॅक्टिकलची बॅच आणि वर्गाचा ग्रुप यांत आपले नाव घालून घ्या. बडी कोणी देणार नाही, तो स्वतः शोधा. पहिल्या बाकावरचा हुशारच हवा असे नाही, रोज येणारा हवा.

राहिला रॅगिंगचा विषय. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला आलेल्याला वाटते, ते नियम फ्रेशरसाठी. तसे नाही. यूजीसीच्या २००९ च्या नियमावलीत फ्रेशर ‘किंवा इतर कोणताही विद्यार्थी’ असे म्हटले आहे. भाषेवरून, गावावरून, ‘बाहेरचा’ म्हणून छळले तरी ते त्यात बसते. चोवीस तासांची हेल्पलाइन आहे, १८००-१८०-५५२२. आई-बाबांनो, हा नंबर तुमच्याही फोनमध्ये ठेवा. दरवर्षी रॅगिंगविरोधी हमीपत्र मुलाबरोबर तुम्हालाही द्यायचे असते, तेव्हाच तो टिपून घ्या.